‘कॅपस्टोन’ला कळस म्हणावे का?

नदीकाठ: अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या सर्वसाधारण शिक्षणक्रमावर लेख लिहिताना ‘सीनियर कॅपस्टोन’ या शब्दापाशी माझे घोडे अडले आहे. १९९४ साली सुरू झालेल्या या शिक्षणक्रमाच्या शेवटच्या टप्प्यात सहा श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) कॅपस्टोन असतो आणि त्यात निरनिराळ्या विषयांचे विद्यार्थी एका गटात येऊन एखाद्या स्थानिक संस्थेसाठी प्रत्यक्ष काम करतात. मी ‘कळसाध्याय’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘अंतिम प्रकल्प’ केले. आपल्याकडे अंतिम प्रकल्प हा ज्याच्या त्याच्या विभागापुरता असतो, त्यामुळे मूळ कल्पनाच निसटते.

पोथीवाला: संपादकांची बाजू मला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. पोथीचा कळसाध्याय श्रोत्याने ऐकायचा असतो. तिथे त्याने नवे काही करायचे नसते, फलश्रुती ऐकून आरतीला उभे राहायचे असते.

ओळंबा: आमच्या घरी तीन पिढ्या गवंडीकाम झाले, म्हणून सांगतो. कॅपस्टोन म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचा थर. पावसाचे पाणी सांध्यांत मुरू नये म्हणून तो बसवतात आणि बांधकामावर त्याला सरसकट ‘कोपिंग’ म्हणतात. कमानीच्या मध्यावरचा, काढला तर कमान ढासळेल असा दगड वेगळा. अनेक जण या दोहोंत गल्लत करतात. कळस हा मानाचा आणि शोभेचा असतो, त्यामुळे ती उपमा मला पटत नाही.

शब्दनिष्ठ: दगडात अडकून न पडता अर्थ घ्यावा. ‘समारोपिका’ हा सुटसुटीत शब्द घडवता येतो. क्रेडिटला ‘श्रेयांक’ रुळला, तसा हाही रुळेल.

ओळंबा: ‘श्रेयांक’ परिपत्रकात रुळला आहे, कॉलेजच्या कट्ट्यावर अजून क्रेडिटच मोजतात. अभियांत्रिकीची मुले तर ‘कॅपस्टोन प्रोजेक्ट’ असेच म्हणतात आणि त्यांचे काही अडत नाही.

जुना मास्तर: ‘समारोप’ इतिहासाला धरून आहे, एवढे नोंदवतो. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन महाविद्यालयांत शेवटच्या वर्षी नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम असे आणि तो बहुधा खुद्द महाविद्यालयाचे अध्यक्ष शिकवत. ब्राउनमध्ये फ्रान्सिस वेलंड आणि विल्यम्समध्ये मार्क हॉपकिन्स यांची ही अध्यापने प्रसिद्ध होती. आधी शिकलेले सारे एका सूत्रात ओवायचे, हा त्यामागील हेतू असे. पोर्टलंडचे वेगळेपण असे की, तिथे हे ओवणे व्याख्यानातून न होता कामातून होते. अमेरिकेतील संशोधन विद्यापीठांच्या पदवी-शिक्षणाचा विचार करणाऱ्या बॉयर आयोगाच्या १९९८ च्या अहवालानेही पदवीचा शेवट अशा अनुभवाने व्हावा, असे सुचवले होते.

चाफा: मग ही आपली राष्ट्रीय सेवा योजनाच झाली की! ती १९६९ पासून आहे.

नदीकाठ: साम्य आहे, परंतु सेवा योजना मूळची अभ्यासक्रमाबाहेरची. कॅपस्टोन हा वर्गच असतो, त्याला नेमलेला शिक्षक असतो आणि तो पूर्ण केल्याशिवाय सर्वसाधारण शिक्षणाची अट पुरी होत नाही.

चाफा: नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडेही फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. माझ्या भाचीने गावातील विहिरींचे सर्वेक्षण केले, ते अगदी असेच होते.

जुना मास्तर: अगदी असेच नव्हे. महाराष्ट्रातील आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट मुख्य विषयाला जोडलेला आहे, म्हणून भूगोलाची मुलगी भूगोलातच राहते. विहिरींच्या त्याच सर्वेक्षणात तिच्या शेजारी अर्थशास्त्राचा आणि मराठीचा विद्यार्थी बसला असता, तर ते पोर्टलंडच्या जवळ गेले असते.

पोथीवाला: कल्पना उत्तम आहे, मास्तर, पण तीन विभागांचे विद्यार्थी एका गटात घेतले, तर शिकवण्याच्या तासांचा तो कार्यभार कोणत्या विभागाच्या खात्यावर धरायचा?

शब्दनिष्ठ: ‘समारोपिका’वर कोणाचा आक्षेप आहे का, ते अजून कळलेले नाही.

ओळंबा: कार्यभाराचे आधी सांगा, कारण तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचे मानधन त्यावरच ठरते.