योएलमधलं ‘ह्यानंतर’ गाण्यातून का गळतं?

वचनवाचक
चर्चच्या उपासनेत गायली जाणारी, पवित्र आत्म्याच्या ओतण्यावरची बरीच गाणी बायबलमधल्या योएल 2:28 वर (दुसरा अध्याय, 28 वं वचन) बेतलेली असतात. पण ते वचन सुरूच होतं ‘ह्यानंतर’ या शब्दाने. कशानंतर? 2:12-13 पाहा: उपास, रडणं, शोक आणि ‘वस्त्रे नव्हे, हृदये फाडा’. तो भाग कोणी गात नाही. यिर्मया 29:11 चंही तेच. देवाचे हिताचे संकल्प सगळ्यांना पाठ, पण ते बाबेलातल्या (बॅबिलोनमधल्या) बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे आणि दहाव्या वचनात सुटकेआधी 70 वर्षं सांगितली आहेत. अभिवचन धृपदात घ्या, पण इशारा निदान एका कडव्यात यायलाच हवा.

साधासूर
पटत नाही. प्रेषितांची कृत्ये 2 मध्ये पेत्र हेच वचन आधी सांगतो, ‘पश्चात्ताप करा’ थेट 38 व्या वचनात येतं. यशया 6 मध्येही आधी ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, मग यशयाची पापकबुली, मग पाप दूर करणारा निखारा ओठांना. चार मिनिटांच्या गाण्यात अख्खा अध्याय कोंबू नका. हा क्रम उपासनेने सांभाळायचा असतो.

वचनवाचक
सांभाळते का? पाच गाणी निवडली तर पाचही विजयाची असतात. प्रकटीकरणात सात मंडळ्यांपैकी (म्हणजे चर्चपैकी) पाच मंडळ्यांना पश्चात्ताप करायला सांगितलंय, आणि त्या विश्वासणाऱ्यांच्याच मंडळ्या होत्या.

तालकरी
पापकबुलीचं गाणं फसतं ते बहुतेक वेळा मांडणीत. मिनिटाला 128 ठोक्यांच्या लयीवरून थेट 64 वर आलात तर लोक खाली बसतात, मन मात्र आधीच्याच गाण्यात राहतं. मध्ये वाद्यं थांबवून स्तोत्र 51:1-4 मधली दावीदाची पापकबुली वाचा, मग एकटी गिटार किंवा पियानो. पट्टी एक-दोन सुरांनी उतरवा, कारण हळू आवाजात वरचे सूर लागत नाहीत आणि लोक गाणंच सोडतात. एकच ओळ ड्रम चढवत आठ वेळा घेतली की रडू येतं, पण ते ड्रमने आणलेलं. दोनदा पुरे. नंतर अर्धा मिनिट खरी शांतता ठेवा. कीबोर्डचा लांबवलेला सूरही बंद, नाहीतर लोक पुढच्या गाण्याची वाट बघतात. आणि शेवटी 1 योहान 1:9 मोठ्याने वाचाच. क्षमेचं वचन राहिलं तर माणसं दोषाचं ओझं घेऊनच घरी जातात.

साधासूर
मांडणी मान्य. माझी भीती वेगळी आहे. हिब्रू ‘शूब’ म्हणजे मागे फिरणं. योनाच्या इशाऱ्यानंतर निनवे शहरात देवाने लोकांची कृती पाहिली (योना 3:10). गाऊन झालं की पश्चात्ताप उरकला असं वाटायला लागतं. आमोस 5:23 मध्ये देव गीतांचा गोंगाट दूर करायला सांगतो, तो असं वाटणाऱ्या लोकांनाच.

वचनवाचक
आमोसचं 24 वं वचनही घ्या, तिथे न्याय पाण्यासारखा वाहू द्यायला सांगितलंय. देवाची तक्रार न्यायावाचून गायलेल्या गीतांबद्दल आहे. स्तोत्र 51 तर मुख्य गवयासाठीच लिहिलेलं. म्हणून कडव्यात ‘मोडलेलं हृदय’ एवढ्यावर थांबू नये. ‘घेतलेलं परत देतो’, ‘भावाशी समेट करतो’ अशी क्रियापदं घाला.

साधासूर
अशा ओळी असतील तर कडवं मान्य. पण मग ते गाणं शांततेच्या आधी घ्या, नंतर नको.