इंग्रजीत कॉमा कुठे द्यायचा, श्वास थांबतो तिथे की व्याकरण सांगतं तिथे?

शब्दवेल्हाळ
बहुतेकांना शाळेत एकच शिकवलेलं असतं, वाचताना जिथे थांबाल तिथे कॉमा द्या. हा सल्ला आता बंद व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. हे वाक्य बघा: 'द स्टुडंट्स हू केम लेट वेअर सेंट होम.' म्हणजे जे उशिरा आले तेवढ्यांनाच घरी पाठवलं. आता 'स्टुडंट्स'नंतर एक आणि 'लेट'नंतर एक कॉमा टाका, लगेच अर्थ होतो की सगळेच उशिरा आले आणि सगळ्यांनाच घरी पाठवलं. 'लेट'पाशी जीभ तर दोन्ही वाक्यांत थांबते, मग त्यावरून कळणार काय? आणि कहर म्हणजे लोक फक्त 'लेट'नंतर एकच कॉमा देतात, त्याने कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे. जोडीने द्या नाहीतर देऊच नका.

मुक्तछंद
नाही पटलं. ही चिन्हं आलीच मुळी मोठ्याने वाचणाऱ्याला थांबे दाखवायला. अमेरिकेच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती काढून बघा, शस्त्रं बाळगण्याच्या हक्काची, १७९१ ची, त्यात 'आर्म्स'नंतर कॉमा आहे आणि मग 'शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड', म्हणजे तुम्ही ज्याला चूक म्हणताय अगदी तेच. ते लिहिणारे काय अडाणी होते? तेव्हा तशी पद्धत होती, आज वेगळी आहे, उद्या अजून बदलेल.

शब्दवेल्हाळ @मुक्तछंद
पद्धत बदलते हे मान्यच आहे हो, पण आज लिहिणाऱ्याने आजच्या वाचकासाठीच लिहायचं ना. आणि त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कॉमाचा आधार २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने निकालात घेतलाय, की तो वाक्याचे दोन भाग पाडतो. श्वासासाठी दिलेल्या चिन्हाला लोक नंतर अर्थ चिकटवणारच.

कायद्याचं_बोला
कोर्टाचा विषय निघालाच आहे तर ओकहर्स्ट डेअरीची केस सांगतो. अमेरिकेतल्या मेन राज्याचा ओव्हरटाइमचा कायदा, त्यात कुठल्या कामांना ओव्हरटाइम नाही याची यादी होती, शेवट असा: 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर कॉमा नाही. ड्रायव्हर म्हणाले आम्ही माल पोचवतो, पॅकिंग करत नाही, आणि इथे डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम म्हणून आलेलंच नाही, ते पॅकिंगलाच जोडलंय. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली, २०१७ मध्ये अपिलात ड्रायव्हर, आणि २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणून यादीत 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी कॉमा द्यावा, ज्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, या मताचा मी आहे.

मुक्तछंद @कायद्याचं_बोला
पण मसुदा लिहिणाऱ्यांनी नियम मोडला कुठे? मेनच्या मसुदा-पुस्तिकेतच तो शेवटचा कॉमा देऊ नका असं होतं! शिकागो मॅन्युअल हे लेखन-नियमांचं पुस्तक म्हणतं द्या, एपी या वृत्तसंस्थेची स्टाइलबुक म्हणते साध्या यादीत नको. दोन्हीकडे जाणकारच बसलेत. मग कोणी तो दिला नाही की लगेच लाल पेन काढून त्याला इंग्रजी येत नाही असं ठरवणं मला अजिबात मान्य नाही. यादी घोटाळ्याची असेल तर वाक्य मोडून परत लिहा ना.

कायद्याचं_बोला
हो, नंतर त्यांनी कायदा बदलला तेव्हा त्या यादीत सेमिकोलन घातले, म्हणजे गरज होतीच.

सहज_वाचक
ऑक्सफर्ड कॉमावर दोन मतं चालतील, पण दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं, त्याचं काय? मराठीत 'उशीर झाला, आम्ही निघालो' एकदम सरळ वाटतं म्हणून आपण इंग्रजीतही 'इट वॉज लेट, वी लेफ्ट' लिहून मोकळे होतो. तिथे 'सो' घाला, सेमिकोलन द्या किंवा फुलस्टॉप. 'हाउएव्हर'चंही तेच, त्याच्या आधी वाक्य संपलं असेल तर तिथे नुसता कॉमा पुरत नाही.

मुक्तछंद @सहज_वाचक
अर्जात, रिपोर्टमध्ये मी पण हे पाळतो. कथेत मात्र पाळणार नाही, पात्र धावत असेल तर वाक्यंही एकामागून एक धावू देत, संपादकाने तिथे फुलस्टॉप टाकले तर मी ते काढायला लावेन.