दशावतार हा विधी की नाटक?

प्रश्न: सिंधुदुर्गातील जत्रांमध्ये रात्रभर चालणारा दशावतार हा देवाच्या उत्सवाचा विधी मानावा की नाटक?

प्रतिसाद १: दोहोंमध्ये रेघ ओढणे मला अवघड वाटते, कारण पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर देवळाच्या आवारातच खेळ उभा राहतो आणि पहाटे दहीहंडी फोडून तो संपतो, म्हणूनच त्याला दहीकाला असेही म्हणतात. कलावंतांचा पेटाराही केवळ सामानाचा नसतो. त्याची पूजा होते.

प्रतिसाद २: हे मान्य आहे, परंतु आडदशावताराकडे, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागाकडे, पाहावे. गणपती, रिद्धी-सिद्धी आणि सरस्वती येऊन गेल्यावर वेद चोरणारा संकासुर येतो, मालवणीत प्रेक्षकांची थट्टा करतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मारला जातो. देवाच्या दारात असुराला एवढी मोकळीक मिळते, ही मला या परंपरेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पुढील आख्यानाला लिखित संहिता नसते, त्यामुळे पुराणकथा तीच राहूनही संवाद दर रात्री नव्याने घडतात.

प्रश्नकर्ता: आभार. मी पाहिलेल्या काही प्रयोगांत आडदशावतार वगळला होता, आणि नेमके काय हरवले ते आता कळले.