लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी साउंडकार्डाचं प्रोफाइल बघा
ताई, उबुंटू (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) अपडेट केल्यापासून यूएसबी साउंडकार्डाचा दिवा लागतो पण हेडफोनमध्ये आवाज नाही, म्हणून थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवीन कार्ड आणायचं म्हणताय? थांबा जरा. दिवा लागला म्हणजे वीज पोचतेय, एवढंच. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) ही कमांड द्या, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दिसेल. यादीत कार्डाचं नाव आलं तर घोळ बहुतेक पुढे, सॉफ्टवेअरमध्ये आहे.

या चर्चेत वर एकांनी पल्सऑडिओ (आवाज सांभाळणारा जुना प्रोग्रॅम) पुन्हा टाकायला सांगितलंय, ते मात्र नका करू. उबुंटूत 22.10 पासून आवाजाचं खातं पाइपवायर या नव्या प्रोग्रॅमकडे आहे, उगाच दोघं एकमेकांच्या पायात येतील. त्यापेक्षा पॅव्हूकंट्रोल (pavucontrol, आवाजाची सेटिंग्ज बदलायचं अ‍ॅप) उघडा आणि शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबवर जा. तिथे कार्डाचं प्रोफाइल, म्हणजे आवाज आत घ्यायचा की बाहेर द्यायचा ही सेटिंग, कधी 'ऑफ', कधी नुसतं 'इनपुट' होऊन बसतं. माझ्याकडे तेच झालेलं: माइकचा पट्टा मस्त नाचतोय आणि कानात शुकशुकाट! यादीतून 'अ‍ॅनालॉग स्टिरिओ आउटपुट' निवडलं, लगेच तबला वाजायला लागला.

तरीही नाहीच, तर ग्रबच्या (मशीन सुरू होतानाचा मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्या कर्नेलवर (सिस्टिमचा गाभा) मशीन चालू करून बघा. तिथे आवाज आला तर कार्ड निर्दोष. आणि हो, मधे स्वस्तातला यूएसबी हब असेल तर तो काढून कार्ड थेट लॅपटॉपला लावा. काय दिसतं ते इथे टाका, मग पुढचं बघू.