अनुभव धागा : संकटात विश्वास धरून राहताना नेमकं काय करावं?

धाग्याची सुरुवात

आजारपण, घरातला मृत्यू, गेलेली नोकरी. अशा वेळी ‘प्रभूवर भरवसा ठेव’ असं सगळेच सांगतात. तो ठेवायचा कसा, हे फार थोडे सांगतात. शास्त्रपाठ घेणारे, रुग्णभेटीला जाणारे, शोकात असलेल्या घराच्या पाठीशी उभे राहणारे, सर्वांनी लिहा. स्वतःची कहाणी नको, उपयोगी पडलेली रीत हवी.

नगर, शास्त्रपाठ घेणारे

बायबलमधल्या स्तोत्रांपासून सुरुवात करा, पण २३व्यापासून नको. हादरलेल्या माणसाला ‘मला काही उणे पडणार नाही’ हे म्हणवत नाही. १३वं घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा.

वहीत हेच तीन भाग पाडा. पहिल्यात तक्रार, नाव घेऊन: थकलेला हप्ता, बायोप्सीचा रिपोर्ट, मुलाची दारू. दुसऱ्यात एकच मागणं, आजच्या दिवसापुरतं. तिसरा भाग सुचत नसेल तर कोरा सोडा. ओढूनताणून लिहिलेली स्तुती टिकत नाही, आणि ती खोटी वाटायला लागली की माणूस प्रार्थनाच टाकतो. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. म्हणजे देवापाशी गाऱ्हाणं मांडणं हाही विश्वासच.

वाचन मोठ्यानं करा. मनात वाचलं की डोळे ओळींवरून नुसते घसरतात.

पुणे, हॉस्पिटलमध्ये रुग्णभेटी करणारी

भेट दहा-पंधरा मिनिटांची. आधी सिस्टरना विचारा, हात धुवा, खाटेवर बसू नका. खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेसमोर बसा. ‘प्रार्थना करू का?’ एवढ्यावर थांबू नका, ‘कशासाठी करू?’ हेही विचारा. आपण बरं होण्याची प्रार्थना मनात धरून गेलेलो असतो आणि तो म्हणतो, ‘रात्री डोळा लागू दे.’ मग तेच मागा, तीन-चार वाक्यांत, हळू आवाजात. शेजारच्या खाटेवरही माणूस आहे. वाचायला १२१वं स्तोत्र पुरतं, आठ वचनं.

‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कधीही बोलू नये. रोमकरांस पत्रातलं ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात) खरं आहे, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री ते ऐकवू नये. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळं बरं होतं. बोलायला लागले तिथे बिघडलं.

वसई, प्रार्थनागटातली

थकलेल्या घरात पूर्ण रोझरी (मण्यांची जपमाळ) होत नाही, म्हणून मग काहीच होत नाही. एकच दशक म्हणा: एकदा ‘आमच्या स्वर्गातील बापा’, दहा ‘नमो मरिया’, त्रित्वाचं गौरवगान. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे जपताना मनात आणायचे येशूच्या दुःखाचे प्रसंग, असतात. गेथशेमाने बागेत येशूनं व्याकूळ होऊन केलेल्या प्रार्थनेचं पहिलं रहस्य आजाऱ्याला फार जवळचं वाटतं. बोलवत नसेल तर त्यानं नुसते मणी धरावेत, बाकीच्यांनी म्हणावं.

आजाऱ्याला तेल लावून करायच्या अभिषेकाच्या संस्कारासाठी मात्र लोक फादरना फार उशिरा बोलावतात, बेशुद्ध झाल्यावर. हा संस्कार फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, वयानं आलेल्या अशक्तपणात घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही. कपाळाला आणि हातांना तेल लावतात. शुद्धीत असेल तर रुग्ण पापनिवेदन करू शकतो, स्वतः ‘आमेन’ म्हणतो. टेबलावर स्वच्छ कापड, क्रूस, पाण्याचा पेला ठेवा. ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवू नका. गिळायला त्रास असेल तर फादरना आधीच सांगा, ते कम्युनियनच्या पवित्र भाकरीचा अगदी लहान तुकडा देतात.

नगर, शास्त्रपाठ घेणारे

वसईच्या ताईंशी सहमत. आमच्याकडेही याकोबाच्या पत्रातल्या ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना प्रार्थनेसाठी आणि तेल लावण्यासाठी बोलावता येतं. आजाऱ्यानं बोलवावं, असं तिथे लिहिलंय, लोक संकोचतात.

सोलापूर, मंडळीच्या मदतकामात असलेले

बायबलमधला १ राजे, अध्याय १९ पाहा. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो.

अंत्यविधीनंतर पहिल्या आठवड्यात डबे इतके येतात की वाया जातात. पाहुणे परतले की घर एकटं पडतं. म्हणून वार वाटून घ्या आणि वाटणी दोन महिन्यांची करा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर कुणी सांगत नाही. ‘गुरुवारी दळण आणतो, लाइटबिल भरतो’ असं म्हणा. पैसे बंद पाकिटात, दोघांनी मिळून द्यावेत. उपासनेत नाव जाहीर करू नये.

मुंबई, नर्स

‘विश्वास असेल तर गोळ्या सोड’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फिटची औषधं एकदम थांबवली की न थांबणारे झटके येऊ शकतात. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. पौलानं स्वतः ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवलं, तो गेला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढं उत्तर मिळालं. म्हणजे बरं न होणं हा विश्वासाचा पराभव नव्हे.

आणि कुणी ‘आता जगायचंच नाही’ म्हणालं तर आधी त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशक दूर हलवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. फोन लावून द्या, आणि बोलणं होईस्तोवर तिथेच थांबा.