खोऱ्याचा जलआराखडा: आधी वाटप की आधी ताळेबंद?

प्रश्न
आमच्या गटाकडे एका प्रादेशिक नदीखोऱ्याच्या जलआराखड्याची चौकट ठरवायचं काम आलंय. पावसाच्या, नदीप्रवाहाच्या आणि विहिरींच्या पातळीच्या नोंदी हाताशी आहेत. पण प्रत्येक बैठक थेट वाटपावर जाते, शेतीला किती आणि शहरांना किती, आणि तिथेच अडते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
वाटप बाजूला ठेवा, उपखोरेनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडा, म्हणजे किती येतं आणि किती जातं. मी हेच काम करते, आणि माझ्या पाहण्यात बरेच आराखडे एकाच जागी फसतात: तेच पाणी दोनदा मोजलं जातं. पाऊस नसताना नदीत जी बारीक धार टिकते, ती बहुतेक भूजलाचीच. ती नदीच्या खात्यातही धरली आणि भूजलाच्याही, की कागदावर पाणी फुगतं. काठच्या विहिरी जोरात उपसा, मापन केंद्रावरचा आकडा उतरतोच. ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात १९९५ साली नदीतल्या उपशावर मर्यादा आली, भूजल त्यातून सुटलं. त्यालाही मर्यादा घातली ती २०१२ च्या खोरे आराखड्याने.

दुसरं, चांगल्या वर्षांच्या येव्यावर, म्हणजे नदीत येणाऱ्या पाण्यावर, वाटप बांधू नका. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचा करार १९२२ चा. त्याआधीची वर्षं भरपूर पाण्याची होती. त्या भरवशावर वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जागेत फूटभर उभं राहील एवढं पाणी) लिहून दिलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. वरच्या खोऱ्यातल्या राज्यांनी १९४८ मध्ये आपसात वाटणी केली, ती मुख्यतः टक्क्यांत. येवा घटला की प्रत्येकाचा वाटा आपोआप घटतो. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटते.

उत्तर २
ठिबकने वाचलेलं पाणी लगेच नव्या क्षेत्राला देऊन टाकू नका. वरच्या शेतांतून झिरपणाऱ्या पाण्यावर खालच्या विहिरी भरत असतात.

प्रश्नकर्ता
टक्केवारी पटली. पण पिण्याचं पाणीही त्याच प्रमाणात कापायचं?

उत्तर १
अजिबात नाही. पिण्याचं पाणी आणि नदीत राहायलाच हवा तो किमान प्रवाह आधी वेगळा काढा, टक्के उरलेल्याला लावा. तुटीच्या वर्षी कुणाची कपात कधी, हे धरणं भरलेली असतानाच लिहून घ्या आणि प्रत्येक टप्प्याला पाणीपातळी नेमून द्या. कोलोरॅडोवरच्या लेक मीड या जलाशयासाठी २००७ च्या नियमांत समुद्रसपाटीपासून १,०७५ फूट ही पहिली रेघ होती. पातळी तिथवर उतरण्याचा अंदाज आला की कपात लागू, त्यासाठी वेगळी बैठक नाही.