अनुभव धागा: तुमच्या भागातली युद्धस्मारके

गावच्या चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची पाटी अनेकांनी पाहिली असेल. गावातून इतके जण १९१४-१९ च्या लढाईवर गेले, त्यातले इतके कामी आले. आकडे असतात, नावे नसतात. तुम्हाला नावे कुठे सापडली ते लिहा. '२६ जानेवारीला पुष्पचक्र वाहिले' एवढ्यावर भागवू नका!

पुणे
होळकर पुलाजवळची खडकीची युद्ध दफनभूमी. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६००हून अधिक कबरी इथे आहेत. दगडावर पलटणीचे चिन्ह, नाव, तारीख, वय, आणि कुठेकुठे खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. वये वाचायला लागलं की पाय अडखळतात. एकोणीस, वीस, बावीस. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सैनिकांचंही स्मारक याच आवारात आहे, ते मात्र फारसं कुणी बघत नाही.

मुंबई
मशीद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं आहेत, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. आजीचे काका रत्नागिरीहून बोटीवर गेले, ते परत आलेच नाहीत. घरात त्यांचा विषय निघाला की आजी 'बोट बुडाली' एवढंच म्हणायची. कुणी बुडवली, कुठे, काही नाही. आधी रखवालदाराने फाटकातच अडवलं, मग आत फोन लावून सोडलं. नावांवरून बोट फिरवत बसलो. आमचं सापडलं नाही, पण त्याच नावाचे दुसरेच दोघं निघाले. त्यांच्या घरी तरी कुणाला ठाऊक असेल का?

माणगाव, रायगड
आमच्याकडे तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तुकडी जवळजवळ संपली, तेव्हा एकट्याने मशिनगनवर चालून गेले. मॅगझीन बदलायला उसंत नव्हती, म्हणून शत्रूच्या उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग गोळी लागली. वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. समाधी कुठेच नाही. नाव इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर. २०२३ साली मोंतोने गावात इटलीवाल्यांनी त्यांच्या नावे सूर्यघड्याळ उभारलं. इथे मात्र पुतळ्याच्या सावलीत दाखल्यासाठी रांग लावणाऱ्यांना विचारा, हे कोण!

सातारा
आमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी बघाच. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले. गावाच्या नावातच मिलिटरी आहे.

मुंबईकरांना
आजीच्या काकांचं नाव राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर शोधा, दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांच्या नोंदी तिथे आहेत. हिंदू सैनिकांना बहुधा अग्नी दिला जाई, म्हणून कबर नाही, भिंतीवर नाव असतं. आडनावावर अडून बसू नका. साहेबाने कानाला आलं तसं लिहिलंय, पुष्कळदा आडनाव गाळून. पलटण किंवा बोट ठाऊक असेल तर तिथून सुरुवात करा. काही नोंदींत बापाचं नाव आणि गावही सापडतं.